मशीन न विकणारा माणूस

रविवार पेठेतल्या त्या दुकानदाराला मी एकदाच भेटलो. आई शाळेतून निवृत्त झाली होती आणि तिला कॉफीचं मशीन भेट द्यायचं मी ठरवलं होतं. दर कपामागे प्लास्टिकची एक कुपी फेकायला लावणारं कॅप्सूलवालं मशीन म्हणजे कचऱ्याचा कारखाना, हे माझं भाषण त्यांनी स्टीलचा फिल्टर फडक्याने पुसत ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "सभा संपली? आता सांगा, आई कॉफीत जायफळ घालतात का?"

"घालते. आणि नुसत्या दुधात उकळते, पाण्याचा थेंब चालत नाही तिला."

"मग मशीन मिळणार नाही."

"अहो, मी विकत घेतोय!"

"म्हणून काय झालं? जाळीत जायफळ अडकलं की उद्या माझ्याच दारात मोर्चा आणाल."

मी भडकलो. ग्राहकांच्या हक्कांवर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"घरी रोज कॉफी करतं कोण?"

"आईच."

"आणि मशीन आणल्यावर?"

"...आईच."

"मग निवृत्त नक्की कोण झालं?"

श्रमांच्या शोषणावर तीन पत्रकं लिहिलेला मी उगाच तो स्टीलचा फिल्टर न्याहाळू लागलो. त्यांनी दुधाचं एक पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

"हे घेऊन जा. चालवायला सोपं आहे, फक्त सकाळी सहाला उठावं लागतं, साहेब."