विहिरीकाठचा ओटा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत लाडकी बाटल्या धुवायची. काम बाटल्यांचं, पण डोळे सगळीकडे. कारखान्यांतला निकेलचा विषारी गाळ तिथे सिमेंटात कालवून विटेएवढे ठोकळे पाडत आणि ते पाण्यात बुडवून निकेल बाहेर येतं का, ते तपासत. एकदा तिथल्या शास्त्रज्ञ स्नेहा मॅडमनी निकेलच्या हिरव्या पाण्यात सिमेंटची पूड टाकून बाटली हलवली. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ!

"हिरवा रंग गेला कुठं, मॅडम?"

"सिमेंटनं धरला, लाडकीताई. भिजलेल्या सिमेंटात बारीक बारीक पापुद्रे तयार होतात, त्यांत धातू अडकून बसतो."

लाडकी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. धरलं म्हणजे धरलं, आता भीती कसली? तपासून झालेले ठोकळे मागच्या भिंतीशी पडून असत. कुणाला न विचारता ती रोज दोन-दोन पिशवीत घालून लोकलनं घरी, सफाळ्याला उतरू लागली. तिच्या पाड्यावर बाया विहिरीकाठी चिखलातच भांडी घासायच्या. पावसाळ्याआधी तिथे झकास ओटा तयार झाला. कुणाचं कौतुक म्हणून न करणारी म्हातारी राहीबाईसुद्धा म्हणाली, "पोरीनं काम केलं." लाडकी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

मग एका दुपारी मॅडमनी ठोकळ्याचा तुकडा आंबट पाण्यात टाकला. पाणी हळूहळू हिरवं झालं.

"अवो, सुटलं की!"

"आंबटानं सिमेंट विरघळतं. मग धरलेलंही सुटतं."

लाडकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या ओट्यावर बाया तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासत होत्या. नोकरी जाईल हे कळत असूनही तिनं तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. मॅडम भडकल्या, चांगलंच सुनावलं, आणि मग म्हणाल्या, "विहिरीचं पाणी आण. ओट्याखालची मातीही आण."

संध्याकाळी लाडकी पहार घेऊन ओटा उकरू लागली तशी बायांनी गलका केला.

"मीच घातला, मीच काढतंय. चिंचेनं यातलं इख सुटतं. पाणी तपासून येईल, तवर हापशाचं प्या."

राहीबाईनं आपला हंडा उचलला. लाडकीकडे पाठ करून ती हापशाकडे चालू लागली. ते लाडकीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

आठ दिवसांनी निकाल आला. मातीत थोडं निकेल होतं, विहिरीच्या पाण्यात काहीच नव्हतं. ठोकळे आणि खरवडलेली माती, सगळं तिनं गोण्यांत भरून रिक्षानं प्रयोगशाळेत पोचवलं. मॅडमनी मातीत ताजं सिमेंट कालवलं आणि सगळं कुलपात ठेवलं.

रविवारी लाडकीनं पाड्यावर निकालाचा कागद दाखवला. कागद वाचणार कोण? बाया लांबच उभ्या राहिल्या. तेव्हा तिनं विहिरीतून बादली काढली आणि ती सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

राहीबाईनं तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"नाय मरत ही," ती म्हणाली, आणि तिनं आपला दोर विहिरीत सोडला.