पाठीवरचा पंजा

मुक्ता मुळ्येचा राग सगळ्या उज्जैनला ठाऊक होता. एकोणिसाव्या वर्षी खो-खोच्या मैदानात तिने पंचाच्या कानाखाली वाजवली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली आणि त्यातच तिचा खेळ संपला. आता ती देवास गेटजवळच्या एका शाळेत खेळाची बाई आहे.

यंदाच्या जिल्हा सामन्यात शेवटची दहा सेकंदं होती. समोरची एक मुलगी बाद झाली की मुक्ताचा संघ जिंकणार. मुक्ताच्या मानसीने खांबावरून झेप घेतली आणि धावणारीच्या पाठीवर हात टेकवला. पांढऱ्या बनियनवर मातीचा अख्खा पंजा उमटला. त्यानंतर वेळ संपल्याची शिट्टी झाली.

"हाथ नहीं लगा," पंच म्हणाले.

मुक्ता त्यांच्यापाशी गेली. "सर, ठसा बघा तिच्या पाठीवरचा."

"वो पहले का होगा. मॅडम, आप बैठ जाइए."

कानशिलं तापली. उजवा हात आपोआप वर यायला लागला, तो तिने ओढणीत गुंडाळला. मागे वळली तर मानसीच्या मुठीत माती. मुक्ताने तिचं मनगट धरलं.

"टाक ती खाली. फेकलीस तर तीन वर्षं घरी बसशील. मी बसलेय."

"म्हणजे त्यांनी काही पण करावं नि आपण चुप बसावं? तुम्ही पण त्यांच्यातल्याच, ताई."

ते लागलं. पण मनगट सुटलं नाही, माती गळून पडेपर्यंत. मग मुक्ताने दात आवळून मुलींना रांगेत उभं केलं, जिंकलेल्यांशी हात मिळवायला लावलं आणि तिथेच टेबलावर लेखी तक्रार लिहिली. पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: पंचांचा निर्णय अंतिम. ते वाचून तिने घरी कुकरचं झाकण असं आपटलं की शेजारचे गोपाळकाका बघायला आले.

मानसी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. सरावाला मात्र येत राहिली. पुढे संभागाच्या, म्हणजे सगळ्या विभागाच्या संघात तिची निवड झाली. मुक्ता यादी आणायला गेली, तर टेबलाशी तेच पंच बसले होते.

"बधाई हो, मॅडम."

"ती मुलगी बाद झाली होती, सर," मुक्ता हळूच म्हणाली. "आपको भी पता है."

पंचांनी मान खाली घालून पुढचा कागद उचलला. मुक्ता बाहेर आली. राग होता तसाच होता. मानसीच्या हातात यादी देत ती म्हणाली, "उद्या सहाला ये. झेप अजूनही उशिरा घेतेस तू."