शंकासुर आणि वहिनीचा हात

आमच्या दादाला अख्खी गल्ली शंकासुर म्हणते, आणि तोंडावर म्हटलं तरी त्याला राग येत नाही. उलट स्वारी खुश होते. विमा कंपनीत आगीचे, चोरीचे दावे तपासण्यात त्याची उभी हयात गेली. एखाद्याने "दुकान जळलं हो माझं" म्हणून गळा काढला की हा आधी विचारणार, जळायच्या आधी दुकानातून काय काय बाहेर गेलं. घरीही तेच. दूध नासलं तरी चौकशी बसायची. मी त्याची धाकटी बहीण. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायची माझी कधी टाप नव्हती.

त्याचं लग्न जमलं तेसुद्धा चौकशीत. एका लॉन्ड्रीला आग लागली होती आणि दादाचा मालकावर संशय होता. कामगारांना एकेक करून बोलावून तो विचारत होता. त्यात वाफेच्या इस्त्रीवर काम करणारी एक मुलगी आली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्टीत. मालकाने हिला पढवून पाठवली असणार, असं याच्या डोक्यात. म्हणाला, "पट्टी सोडून दाखवा." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता पट्टी सोडली; खाली खरंच भाजलेलं होतं. त्या दिवशी दादा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेला, नंतर तब्येत विचारायला गेला, आणि पुढे पुढे कशाला जातो ते आम्ही विचारायचं सोडून दिलं. तीच आमची वहिनी.

जखम भरली, पण कातडी आवळून सुरकुतली ती कायमची. वहिनी जन्मभर लांब बाह्या घालत आली. कितीही उकडो, मनगटावरचं बटण लावलेलं. फोटोत डावा हात पाठीमागे. फक्त घरात, दादाच्या समोर, बाह्या वर सारून भांडी घासायची. मी अचानक आत गेले तर बाही खाली यायची.

आमचं घर ख्रिस्ती. वहिनी दर रविवारी चर्चला जायची. दादा तिला दारापर्यंत सोडायचा आणि बाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसायचा. आत का येत नाहीस म्हटलं तर म्हणायचा, "साक्षीदार सगळे मेलेले. विचारायचं कुणाला?" वहिनीने कधी ओढून नेलं नाही. बाहेर आल्यावर ती त्याच्या हातातला पेपर घडी करायची आणि दोघं चालायला लागायची.

मग वहिनीला कॅन्सर झाला आणि तो हाडांत उतरला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि मी बॅग भरून तिच्याजवळ राहायला आले. एका सकाळी मी तिला चमच्याने सूप पाजत होते. दादा पायथ्याशी खुर्चीवर होता. ती मध्येच म्हणाली, "अहो, आपण परत भेटणार का? आत्म्याबित्म्याचं नाही विचारत. असे भेटणार का, हाताला हात लागेल असे?"

मी घाईघाईने म्हटलं, "भेटणार म्हणजे काय, नक्की भेटणार."

"तुला नाही विचारलं," वहिनी म्हणाली. "मी उद्या उठून पळायला लागेन असंही तू सांगशील. यांना विचारतेय. हे मला बरं वाटावं म्हणून कधीच काही बोललेले नाहीत."

हे मात्र खरं. तिचा पहिला केक खाऊन यानं "हा कशाने फोडायचा?" असं विचारलं होतं.

दादा खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मला माहीत नाही. बघून सांगतो."

"जरा लवकर बघा," वहिनी म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मरणाच्या दारात आणि हा बघून सांगतो. स्वयंपाकघरात गाठून मी त्याला म्हटलं, "एक 'हो' म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" तो म्हणाला, "बाप तुझाही तोच. आणि मी खोटं 'हो' म्हटलं तर तिला कळेल. मग तिच्याकडे काहीच उरणार नाही." मी भांडी आदळली, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवसापासून दादा दुपारी गायब व्हायला लागला. साधासुधा नाही, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. कुठे जातोस म्हटलं तर "कामाला." निवृत्त माणसाला कसलं काम? परत यायचा तेव्हा चेहरा कुठेतरी हरवलेला. वहिनी झोपलेली असायची म्हणून तिला पत्ता नाही. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. माणसं दुःखात काय काय करतात ते मी पाहिलंय. बायको अंथरुणाला खिळल्यावर चांगल्या चांगल्यांचे पाय भलत्या दारी वळतात. दादा तसला नाही, असं मी स्वतःला सांगायचे, आणि सांगावं लागतंय म्हणून आणखी संशय यायचा. शेवटी शेजारणीला वहिनीजवळ बसवलं आणि मी निघाले त्याच्या मागे. शंकासुराची बहीण आहे मी.

तो गेला चर्चच्या मागे, पाळकांच्या घरी. मी खिडकीखाली उभी राहिले. पाळकांबद्दल माझं मत आधीपासूनच जेमतेम. फार गोड बोलतात, आणि गोड बोलणारा माणूस आला की मी पर्स जवळ ओढते. वाटलं, यांनीच दादाला गुंडाळलं.

पण आतलं चित्र उलटंच होतं. घाम फुटला होता पाळकांना. दादा टेबलावर कोपर टेकून, अगदी लॉन्ड्रीच्या मालकाला विचारावं तसं विचारत होता.

"शिष्यांनी ख्रिस्ताचं प्रेत चोरलं, असं विरोधक म्हणाले. बरोबर?"

"हो, तशी अफवा त्यांनी पसरवली."

"म्हणजे कबर रिकामी होती हे विरोधकांनाही मान्य. माल जागेवर नाही यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. भांडण आहे ते माल गेला कुठे याचं." दादा जरा थांबला. "आणि ही मंडळी त्याच गावात उभी राहून सांगत होती, तो मेलेल्यांतून उठला म्हणून. प्रेत आणून समोर ठेवलं असतं तर खेळ खलास. कुणी ठेवलं नाही."

पाळक खुलले. "मी तेच तर म्हणतो, शिवाय चारही शुभवर्तमानांतल्या हकिकती..."

"त्या जुळत नाहीत," दादाने तोडलं. "एक म्हणतो कबरीवर एवढ्या बायका गेल्या, दुसरा म्हणतो तेवढ्या. देवदूत कुठे एक, कुठे दोन."

पाळक गोरेमोरे झाले. काहीतरी सारवासारव करायला लागले तर दादा म्हणाला, "सारवू नका. तेच बरं आहे. पढवलेले साक्षीदार पोपटासारखे एक बोलतात. खरे साक्षीदार बारीकसारीक गोष्टीत चुकतात आणि मुख्य गोष्टीवर ठाम राहतात. दुसरं असं, त्या काळी बायकांची साक्ष कुणी धरत होतं का?"

"फारशी नाही."

"मग बनाव रचणारा माणूस पहिल्या साक्षीदार म्हणून बायका कशाला उभ्या करील? गावातला एखादा वजनदार पुरुष उभा केला असता. मी इतके बनाव पाहिले, पण मुद्दाम कच्चा साक्षीदार आणणारा अजून भेटायचाय."

मी खिडकीखालून सटकले. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, पण संशय गेला असं नाही, नुसता सरकला. आता वाटू लागलं, हा स्वतःलाच पटवतोय. बायको जातेय म्हणून याची अक्कल मऊ पडलीय. संध्याकाळी मी त्याला तसं तोंडावर बोलले. तो म्हणाला, "मलाही तीच भीती आहे, ठमे. म्हणून तर उलट बाजूनेच विचारतोय."

वहिनी आता थोडंच बोलायची. सूप दोन चमच्यांवर आलं होतं. मी रोज दादाकडे बघायचे, हा बोलतोय की नाही. ती गेल्यावर उत्तर मिळून काय उपयोग, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा.

एका दुपारी तो गेलाच नाही. खुर्ची तिच्या उशाशी ओढली आणि म्हणाला, "बघितलं मी. भेटणार आपण."

वहिनीने डोळे बारीक केले. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मग विचार. घे उलटतपासणी."

ती विचारायला लागली, मध्ये मध्ये दम घेत. शिष्यांना भास झाला असेल तर? बाबा गेल्यावर आईला नव्हते का महिनाभर दारात दिसत? दादा म्हणाला, "दिसत होते. पण आईनं बाबांची पायताणं गरिबाला देऊन टाकली होती. ते परत घालायला येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. इथं तर उठल्यावर शिष्यांसमोर बसून त्यानं मासा खाल्ला. एकाला नाही, घोळक्याला दिसला."

"शिष्यांनी त्यासाठी जीव दिला, ठीक. पण लोक खोट्यासाठीही जीव देतात."

"ते खोटं आहे हे माहीत नसेल तर देतात. आपणच रचलेल्या थापेसाठी मरायला कोण तयार होतं? आणि ख्रिस्ताचा भाऊ बघ. जिवंतपणी भावाने त्याला धूप घातला नाही, आणि नंतर त्याच्यासाठी जीव दिला."

सख्ख्या भावाला देव मानायचं? मला विचारा. मी आमच्याला धड शहाणाही मानत नाही. काहीतरी जबरदस्त बघितल्याशिवाय भावंडं असं करत नाहीत.

"एवढ्यावर पटलं तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"नाही. जखमांवर पटलं." दादा म्हणाला. "बनावट दाव्यातला माल नेहमी कोरा असतो. जळलेलं प्रत्येक कपाट नवंकोरं होतं म्हणतात. त्यांनी नुसतं रचलं असतं तर त्याला झगझगीत, निर्मळ उठवला असता. हा उठला तो हाताला खिळ्यांची भोकं घेऊन. आणि त्यांच्यातला एक शंकेखोर म्हणाला, हात लावून बघितल्याशिवाय मानणार नाही. त्याला हाकलला नाही. ये, बघ, म्हणाला."

वहिनी हळूच हसली. "पट्टी सोडून दाखवली म्हणा की."

"हो. तुझ्यासारखी."

मग वहिनीने डाव्या बाहीकडे बघितलं. "म्हणजे हा हात असाच राहणार? मला वाटलं, निदान तिथं तरी नीट मिळेल."

"दुखणार नाही एवढं नक्की. बाकी मला माहीत नाही," दादा म्हणाला. "पण तू नवाकोरा हात घेऊन आलीस तर मला शंका येईल."

"तुम्हाला कशाची येत नाही?"

"जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मी आजवर एकाही दाव्यावर सही केलेली नाही. हा पहिला." वहिनीने त्याचा हात धरला, डाव्या हाताने. मी समोर होते तरी बाही वर सरकली ती तिने खाली ओढली नाही. मी मात्र चमचे धुवायच्या निमित्ताने उठले आणि नळ सोडून भरपूर रडले.

त्याच आठवड्यात ती गेली, सकाळच्या वेळी, शांतपणे.

तिला तयार मी केलं. केस विंचरले, तिचा आवडता निळा झगा घातला. डावी बाही मनगटापर्यंत नीट ओढून बटण लावलं. तिला जन्मभर तसंच लागायचं. मला वाटलं, एवढं तरी मी तिच्या मनासारखं केलं. पाळकांची प्रार्थना झाली. पेटीचं झाकण लावायला माणसं पुढे झाली तेव्हा दादा म्हणाला, "थांबा जरा."

त्याने वाकून तिच्या मनगटावरचं बटण काढलं. बाहीची घडी घातली, मग आणखी एक, अगदी कोपरापर्यंत. सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "दादा, तिला आवडायचं नाही हे. लोक बघतायत."

"असू दे उघडा," तो म्हणाला. "तिथे गर्दी असेल, ठमे. मला ओळखायला लागेल."

मला अजून शंका आहेत. पाळकांवर आहे, दादाच्या मऊ पडलेल्या अकलेवर आहे, आणि रात्री दिवा घालवला की आणखीही कशाकशावर आहे. पण तेव्हा माझा हात बाही खाली ओढायला पुढे झाला होता, तो मी मागे घेतला.