निरोगी छातीचा नमुना

माझा मुलगा यंत्राला छातीचे एक्स-रे दाखवून शिकवतो. ह्यात डाग आहे, ह्यात नाही, असं आधी माणसानं लिहून द्यायचं. असे ढीगभर फोटो पाहिले की यंत्र आपलं आपण ओळखायला लागतं. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळतं. आम्हाला मास्तरांनी असंच शिकवलं, फक्त छडी जास्त होती.

के. आर. पुरमच्या आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. "डॉक्टरला दिसत नाही ते माझ्या यंत्राला दिसतं," हे वाक्य मी आमटीबरोबर इतक्यांदा गिळलंय की आमटीचीही चव गेली.

सून त्याच धंद्यातली, पण तिचं यंत्र मोबाइलच्या टॉवरांवर नजर ठेवतं. बिघाड कुठला, वीज गेली की तार तुटली, ते ओळखतं. घरी ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तेवढ्यासाठीच मला ती आवडते.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या छातीचा एक्स-रे काढला. ऑपरेशन मी ऐन वेळी रद्द केलं, त्यामुळे तो कुठल्याच डॉक्टरनं पाहिला नाही. मुलानं मात्र उचलून ऑफिसात नेला. यंत्राची परीक्षा घ्यायला त्याला निरोगी माणसांचे फोटो कमी पडत होते. माझ्या फोटोवर त्यानं स्वतःच "निरोगी" लिहिलं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर हसत म्हणाला, "आई, यंत्र आज तुझ्यावर घसरलं. म्हणे उजवीकडे वर डाग आहे. ते मी यंत्राच्या चुकांत धरलं."

सुनेनं हातातला घास ताटात ठेवला. "आई निरोगी आहेत हे कुणी ठरवलं?"

"मी. आईला मी ओळखत नाही होय? रोज जिना चढते एका दमात."

"तू काय त्यांच्या फुप्फुसात राहायला होतास?"

"अगं, अशी एखादी चूक होतेच यंत्राची."

"आमच्याकडे टॉवरनं बिघाड सांगितला की आधी माणूस पाठवतात. ओळखीचा टॉवर म्हणून सोडून देत नाहीत."

मी म्हटलं, "अरे, दुसऱ्याच्या आईला डाग दाखवतं तेव्हा तुझं यंत्र हुशार. माझ्यापाशी येऊनच आंधळं झालं का?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

घाबरला होता तो, असं सून नंतर म्हणाली. घाबरलेल्या माणसानं डॉक्टर गाठावा. हा ताकभात कालवत बसला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं रजा टाकली आणि मला रिक्षात घालून इंदिरानगरच्या डॉक्टरकडे नेलं. मोठ्या मशीनमध्ये झोपवलं, मग सुई घालून तपासलं. कर्करोगाची गाठ निघाली. लहान आहे, लवकर सापडली, काढता येईल, असं डॉक्टर कन्नडमध्ये सांगत होता. फार वेळ सांगत होता. "सरी," मी त्याच्याच भाषेत हो म्हटलं, "काढा."

काढली. आता जिन्यात मध्ये थांबावं लागतं.

मुलगा माझ्या उशाशी बसून रडला. रडून झाल्यावर ऑफिसात गेला आणि "निरोगी" खोडून "रोगी" लिहिलं. यंत्राचे गुण वाढले. हे त्यानं मला येऊन आनंदानं सांगितलं, जसं काही माझं पोर पास झालं. वर म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात कोरमंगलात आमची मोठी सभा आहे. तुझा फोटो दाखवू? नाव येणार नाही. डॉक्टरच्या आधी यंत्रानं पकडलं, एवढंच सांगेन."

"दाखव की. आणि निरोगी कुणी लिहिलं होतं, तेही सांग."

"ते कशाला?"

"यंत्रानं धरलं होतं. सोडलं तू."

स्वयंपाकघरात सून खुदकन हसली. तो उठून गॅलरीत गेला.

सभा होऊन गेली. त्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी आईचा फोटो दाखवला.