साळवेताईंचा प्रश्न

साळवेताईंपुढे ‘असं म्हणतात’ हे शब्द चालायचे नाहीत. अंबरनाथच्या एका औषध कंपनीत आम्ही बायका गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायचो आणि ताई आमच्या सुपरवायझर होत्या. कुणी धावत येऊन सांगितलं, "उद्यापासून दुपारचा चहा बंद म्हणे," की ताई हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "कोण म्हणालं?" नाव मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. मग थेट त्या माणसापुढे जाऊन उभ्या राहायच्या. बहुतेक वेळा चहा चालू राहायचा.

उल्हासनगरच्या कॅम्पात, सिंधी निर्वासितांच्या जुन्या वस्तीत, त्यांचं छोटं घर होतं. नवरा लवकर वारला होता, मुलगी प्रज्ञा शाळेत जात होती. सिंधी शेजारणींत राहून ताईंची हिंदी ठसकेबाज झाली होती. रागावल्या की मराठीत सुरू करून हिंदीत संपवायच्या. "अगं, लेबल सरळ लाव. कुणीतरी आजारी माणूस वाचणार आहे ते. समझी क्या?" आणि जेवणाच्या सुट्टीत, जिला बोलल्या तिच्याच पोळीवर आपल्या डब्यातली सुकटीची चटणी वाढायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने पॅकिंग बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं. आम्ही सगळ्यांनी ‘स्वेच्छानिवृत्ती’ घ्यावी, अशी नोटीस लागली. त्या दिवशी ताईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. बाहेर आल्या त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. "मला स्टोअरमध्ये ठेवतो म्हणतात. अट एकच, तुमच्या सह्या मी आणून द्यायच्या. मी नाही म्हणून आले. तुम्ही आपापलं बघा. माझ्या भिडेने काही करू नका."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. बोलताना सारखा घाम पुसत होता.

"साहेब, स्वेच्छा म्हणजे आमची इच्छा ना?" ताईंनी विचारलं. "ती आम्हाला न विचारताच ठरली?"

"बाई, वरून आलंय."

"वर कोण?"

"मुंबई ऑफिस."

"ऑफिसात कोण? काही नाव असेल की त्यांचं. त्यांना इथे येऊन आमच्यासमोर बोलू द्या. आम्ही काही मारणार नाही त्यांना."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. मला फक्त फोन येतो."

आमच्यातल्या काहींना त्यांची दयाच आली. मुंबईहून शेवटपर्यंत कुणी आलं नाही. घरात चूल पेटायची होती, आम्ही एकेक करून सह्या केल्या. ताईंनी सगळ्यांत शेवटी केली.

गेटबाहेर आम्ही घोळका करून उभ्या होतो. ताई म्हणाल्या, "काढलं ते काढलं. पण इतकी वर्षं काम केलं, ते चांगलं केलंत एवढं तरी म्हणायचं होतं कुणी."

आमच्यातली विमल अविवाहित होती, बदलापूरला हेंद्रेपाड्यात भावाकडे राहायची. नोकरी होती तोवर घरात तिचा शब्द चालायचा. नोकरी गेली आणि वहिनी ताट सरकवून देऊ लागली. विमलने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, जेवण सोडलेलं. मी बदलापुरातच कात्रपला राहत असल्याने मला हे कळलं आणि मी ताईंना सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. तिला उठवून बसवलं, तेल लावून वेणी घातली. "ऊठ. माझ्यासोबत चल. आमच्या कारखान्याच्या सेठला हातांची गरज आहे."

उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात ताई तेव्हा धागे कापायला लागल्या होत्या. ना हजेरीकार्ड, ना रजा. मी एकदा हळहळले तर म्हणाल्या, "पगार कमी आहे गं. पण सेठ समोर बसतो. भांडायला माणूस तरी आहे." आणि त्या भांडल्याही. बायकांसाठी निराळा संडास त्यांनी सेठकडून बांधून घेतला.

विमल हळूहळू शिवणाच्या मशीनवर बसू लागली. पुढे तिने कात्रपलाच माझ्याजवळ भाड्याने खोली घेतली.

काही वर्षांनी ताईंना खोकला लागला. कपड्याची धूळ छातीत बसली, असं डॉक्टर म्हणाले. प्रज्ञा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ताई गेल्या.

अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या बायका जमल्या. बुद्धवंदना सुरू झाली. विमलला त्यातलं काही येत नव्हतं. ती प्रज्ञाच्या शेजारी उभी राहून, तिच्या ओठांकडे बघत, एकेक शब्द तिच्यामागून म्हणत होती.

विधी आटोपले. नातेवाईक अंगणात बसून, पोरीचं आता काय करायचं, कुणाकडे ठेवायचं, याची चर्चा करू लागले. विमल आत गेली. प्रज्ञाची पुस्तकं आणि पांढरा युनिफॉर्म पिशवीत भरून बाहेर आली आणि चपला घालता घालता म्हणाली, "माझ्याकडे चल, प्रज्ञा. परवा तुझा पेपर आहे ना?"