हजेरीचा नंबर

आमच्या गल्लीत जिन्याखाली एक दुकान आहे. दुकान कसलं, जिना जिथे वळतो तिथे खाली उरलेली तिरकी जागा. आत शिरताना माणूस मान वाकवतो, बाहेर पडताना विसरतो, म्हणून मालकाने वरच्या पायरीला जुन्या गादीचा तुकडा ठोकून ठेवला आहे. गिऱ्हाइकांच्या कपाळांनी त्या गादीला पाडलेला खळगा मी स्वतः बोट घालून पाहिला आहे. तिथे बॅगा दुरुस्त होतात. चेनचे रनर, तुटलेले पट्टे, निखळलेली बक्कलं. दुरुस्त करणाऱ्याला सगळे मेजर म्हणतात.

तो मेजर नव्हता. फौजेत सात वर्षं होता आणि साधा शिपाई म्हणून गेला तसा साधा शिपाई म्हणूनच परत आला. पण फौजेतून आलेल्याला गल्ली मेजरच म्हणणार, त्याला इलाज नाही. एकदा बँकेत मी त्याला लांबून हाक मारली, "मेजर, इकडे या," तर आतून मॅनेजर उठून आले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. मेजर बसला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, खरं सांगायचं की." तर म्हणतो, "काका, त्यांनी बसा म्हटलं, मी बसलो. वरून आलेला हुकूम मोडायची सवय नाही."

फौजेत त्याचं काम खेचराचं. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे पाण्याचे पिंप, दारूगोळा, कधी जखमी माणूस, सगळं खेचराच्या पाठीवरून जायचं, आणि प्रत्येक खेचरामागे एक माणूस. सातही वर्षं त्याच्याकडे एकच खेचर होतं. मादी, तपकिरी, नाकावर पांढरा ठिपका, स्वभावाने आगाऊ. तिला तो मालकीण म्हणायचा. खोगिराचे पट्टे शिवता शिवता त्याचा हात शिवणाला बसला आणि पुढे त्या हातावरच घर चाललं. आजही मेणाचा दोरा ओढताना तो तोंडाने च्‌ च्‌ असा आवाज काढतो. बॅग हलू नये म्हणून.

वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्याने नोकरी सोडली. पेन्शनला लागणारी वर्षं भरली नव्हती. ते एक पुस्तक देतात, सुटकेचं, त्यात माणसाची सगळी नोंद असते. ते पुस्तक त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवलं, पेटी भिंतीला लावली आणि वाळवीने काम केलं. मागे राहिलं एकच पान. त्यावर त्याचं नाव, पलटणीचा शिक्का आणि एक ओळ. वर्तणूक, फार चांगली. ते पान त्याच्या बायकोने काचेत बसवून भिंतीवर लावलं आहे. ती म्हणते, "सरकारला तसं वाटलं असेल बाबा. त्यांना काय, सातच वर्षं काढायची होती."

आता मूळ गोष्टीला येतो. मेजरला एक मुलगी, उशिरा झालेली. तिला एक्स-रे काढायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. कॉलेज मोठ्या शहरात, बसने पाच तास. प्रवेश मिळाला, राहायचं कुठे? खाजगी खोल्यांचे भाव ऐकून मेजरची बायको तिथल्या तिथे खाली बसली. मुलीने प्रवेशाचं पत्र घडी करून शिवणयंत्राच्या खणात ठेवलं, सुया असतात तिथे. मला ते बरं दिसलं नाही. माणूस नको असलेली वस्तू अशी नीट ठेवत नाही, पण हवी असून मिळणार नाही तीच अशी ठेवतो.

मी सातवी शिकलेला. पण छत्तीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे कुठल्या कचेरीतून काय पत्र येतं ते मला पाकिटाच्या रंगावरून कळतं. मी म्हटलं, "मेजर, माजी सैनिकांच्या मुलींचं वसतिगृह आहे त्या शहरात. राज्य सरकारचं. मी तिकडची पत्रं वाटली आहेत."

"ते पेन्शनवाल्यांना. नाहीतर ज्यांना गोळीबिळी लागली त्यांना."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला लाथ लागली, गोळी नाही."

तरी त्याला घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. माजी सैनिकांचं कल्याण कार्यालय. लांबट खोली, तीन टेबलं, त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकीत पाण्याचा माठ आणि माठावर साखळीने बांधलेला पेला. त्या पेल्याला पळून कुठे जायचं होतं कोण जाणे. टेबलामागे एक कारकून बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेन्शन केंद्राचं. आमच्या सवलती राज्याच्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. रीतसर सुटका झालेला कुठलाही सैनिक आमच्याकडे नोंदवू शकतो. तुम्ही का नाही नोंदवलं?"

"मला वाटलं, मी त्यात नाही."

"वसतिगृह आहे, फीची सवलत आहे, धंद्याला यंत्र घ्यायला मदत आहे, आजारपणाला आहे, घरपट्टी माफ आहे."

घरी हे ऐकून मेजरची बायको म्हणाली, "घरपट्टी. एवढी वर्षं मी रांगेत उभी राहिले." मग तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने उगीचच एका चांगल्या बॅगेची चेन तपासायला घेतली.

नोंदणीला ओळखपत्र लागतं आणि ओळखपत्राला सेवा क्रमांक. मेजरच्या नावाची त्याच पलटणीत सत्तावीस माणसं निघाली, नुसत्या नावावर भागेना. बाईंनी विचारलं, "क्रमांक आठवतो?"

"आठवतो म्हणजे?" मेजर ताठ झाला. "अडतीस सतरा."

"चारच आकडे?"

"अडतीस सतरा. झोपेतून उठवून विचारा."

अर्ज मीच भरला, माझ्या अक्षरात. बाईंनी तो पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पाठवला. वसतिगृहाची शेवटची तारीख त्या महिन्याची तीस. आम्ही एक तारखेला पाठवलं, म्हणजे भरपूर वेळ होता.

नऊ तारखेला उत्तर आलं. अडतीस सतरा या क्रमांकाचा कुणीही सैनिक पलटणीत कधीही नव्हता.

टपालातली बातमी पाकिटाआधी गल्लीत पोचते हे मी नोकरीभर पाहिलं आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. शेजारचा इस्त्रीवाला, ज्याला मेजरने डोंगरातल्या गोष्टी शंभरदा ऐकवल्या होत्या, तो मला म्हणाला, "काका, फौजेतच होता ना हा? की फौजेच्या बाहेर चहाची टपरी होती?" खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते वाटून गेलं होतं. मेजरने ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर गोष्टी बंद, आणि च्‌ च्‌ हा आवाजही बंद.

बायकोने मात्र त्याला धारेवर धरलं. "नीट आठवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला असेल."

"होणार नाही. सात वर्षं रोज सकाळी त्या नंबराला हजर म्हटलंय मी."

"लग्नाची तारीख सांगा बरं."

त्याने हातातल्या बॅगेचा पट्टा उलटा करून पाहिला.

"बघा काका," ती मला म्हणाली, "हे यांचं आठवणं."

मुलगी तेवढी म्हणाली, "बाबा, आपण पुन्हा जाऊ. मी येते."

तिघेजण गेलो. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. एक म्हातारी नवऱ्याचा फोटो पदराने पुसत बसली होती, एक तरुण लाकडी कुबडी मांडीवर आडवी घेऊन पेंगत होता. बाईंनी आमचा कागद पुन्हा काढला आणि सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. बाई चिवट होत्या. मला असं माणूस आवडतं, असं माणूस पत्ता अपुरा आहे म्हणून पत्र परत पाठवत नाही.

"पगार घेताना कुठला नंबर सांगायचात?"

"पगाराला नंबर नव्हता सांगायचा. कारकून नाव घेऊन बोट दाखवायचा, आम्ही तिथे सही करायचो."

"आणि हजेरीला?"

"हजेरी तबेल्यासमोर. पहाटे. हवालदार नंबर पुकारायचा, आम्ही हजर म्हणायचो."

"नंबर लिहिलेला असायचा कुठे? गळ्यातल्या पत्र्यावर?"

"पत्र्यावर नाही," मेजर म्हणाला, "खुरावर."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "कुणाच्या खुरावर?"

मेजरने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मुलीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ओढणीचं टोक तोंडात कोंबून ती खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. पेंगणारा तरुण जागा झाला.

"पुढच्या डाव्या," मेजर अगदी हळू म्हणाला. "मालकिणीच्या."

मग उलगडा झाला. तिथली पद्धतच तशी होती. सकाळी माणसं आपापल्या जनावराजवळ उभी राहायची आणि पुकारा जनावराच्या नंबराचा व्हायचा. जनावर उभं आहे म्हणजे माणूस आहे, अशी त्यांची गणती. जनावराला हजर म्हणता येत नाही म्हणून माणसाने म्हणायचं. स्वतःचा नंबर मेजरच्या कानावर कधी पडलाच नाही, आणि दुसरीचा हाडात जाऊन बसला.

"काका," बाई त्याला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही खेचराच्या नावाने वसतिगृह मागितलंत."

"चुकलं, मॅडम."

"चुकलं खरं. पण थांबा." त्या उठून आतल्या खोलीत साहेबांकडे गेल्या, परत आल्या आणि नवा कागद टाइपरायटरमध्ये घातला. पलटण जनावरांचीही वही ठेवते, त्यात कुठलं जनावर कुणाच्या ताब्यात हे असतंच असतं. त्यांनी पत्र लिहिलं की सदर क्रमांकाचं जनावर अमुक वर्षांत ज्या सैनिकाकडे होतं त्याचा तपशील कळवावा. आम्हाला वाचून दाखवताना त्यांचा चेहरा गंभीर होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

घरी बायकोने ऐकलं. ती हसली नाही. म्हणाली, "वाटलंच मला. सवतीचा नंबर पाठ." आणि चहा टाकायला आत गेली. आत गेल्यावर मात्र भांडं पडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले होते. हसून की कशाने ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले, कारण काही करायला नव्हतं. मुलगी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात यायची. नवा पोस्टमन माझ्याच हाताखाली शिकलेला. तो लांबूनच मान हलवायचा.

चोवीस तारखेला उत्तर आलं. सोबत जनावराच्या नोंदपत्राची नक्कल. बाईंनी आम्हाला बोलावून ती समोर ठेवली. खेचर, मादी, रंग तपकिरी, नाकावर पांढरा ठिपका. पशुवैद्यांना दोनदा लाथ मारली, तारखांसहित. ताब्यात असलेला सैनिक, मेजरचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि पुढे सात आकड्यांचा त्याचा खराखुरा क्रमांक. सत्तावीस जणांतून मालकिणीने नेमका आपला माणूस काढून दिला होता.

मेजर मात्र खालच्या ओळी वाचत होता. त्याने नोकरी सोडल्यावर एका वर्षात तीन माणसं बदलली होती. शेरा, चालकास चावते.

"बघ," तो मुलीला म्हणाला, "तिघं. एकही टिकला नाही." त्याला फार आनंद झालेला दिसला. त्याखाली आणखी एक ओळ होती, जनावर मेल्याच्या तारखेची. ती त्याने बोट ठेवून वाचली, मनात हिशेब केला, आणि उठून माठाकडे गेला. पेल्यात पाणी घेतलं. बराच वेळ साखळी हातात धरून उभा होता.

ओळखपत्र सत्तावीस तारखेला मिळायचं होतं. त्या दिवशी दहाबारा जण बसले होते. बाई एकेक क्रमांक पुकारत, माणूस उठे, सही करी, पत्र घेई. मेजरच्या शेजारी मुलगी, तिच्या मांडीवर वसतिगृहाचा अर्ज, फक्त एक रकाना कोरा. आई पण आली होती या वेळी, नवी चप्पल घालून.

बाईंनी सात आकडे वाचले. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा वाचले, सावकाश. मेजर इतरांसारखाच इकडेतिकडे बघत होता, की कोण हा बहिरा. बायकोने कोपर मारायला हात उचललाही होता.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अडतीस सतरा."

"हजर," मेजर म्हणाला, आणि टाचा जुळवून उभा राहिला.

मुलीने कार्ड हातात घेऊन कोरा रकाना भरला. अर्ज आम्ही त्याच दुपारी टपालात टाकला, आणि पावती मी माझ्या खिशात ठेवली. बसमध्ये मेजरची बायको म्हणाली, "आता तो नवा नंबर पाठ करून टाका."

"करतो की," मेजर म्हणाला. "लग्नाच्या तारखेच्या आधी की नंतर?"