काट्यावरचा बालाजी

आमच्या बाबांच्या जुन्या मोटरसायकलच्या हेडलाइटवर, अगदी माथ्यावर, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढी एक गोल काच होती. काचेखाली एक बारीक काटा. उजवीकडं अधिकची खूण, डावीकडं उण्याची. काटा अधिककडं गेला की बॅटरी भरते आहे, उण्याकडं गेला की रिकामी होते आहे, एवढंच ते यंत्र सांगायचं. पण बाबा गाडी चालवताना रस्ता कमी आणि काटा जास्त बघत.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, इचोड्यापासून सात-आठ मैल आत, कच्च्या रस्त्याला. बस येत नव्हती. बाबांचा भाजीचा मळा. वांगी, मिरची, मेथीचे गठ्ठे मागं बांधून ते आठवड्यातून तीनदा इचोड्याला जात. सहा व्होल्टची ती गाडी म्हातारी होती, आणि तिची गंमत अशी की बॅटरी बसली की नुसते दिवेच नाही, इंजिनही बंद. बॅटरीशिवाय ठिणगीच पडायची नाही. म्हणून बाबांनी तिला जपलं. पावसाचं पाणी पत्र्यावरून न घेता थेट उघड्या अंगणात काचेच्या बरणीत धरायचं आणि ते वर्षभर बॅटरीत घालायचं, हा आमच्या घरचा नेम. त्या बरणीला हात लावला म्हणून मी एकदा मारही खाल्ला आहे.

हेडलाइटचा बल्ब मात्र बारका. संध्याकाळी गाडी गावात शिरली की माझे सोबती म्हणायचे, तुझा बाबा कंदील टांगून येऊन राह्यला पाह्य. मला लाज वाटायची. वय वीस, काम मळ्यात पाणी वळायचं, आणि मिजास मात्र इचोड्याच्या ट्रक ड्रायव्हरची. बाबांना मोठ्या बल्बाबद्दल म्हटलं तर त्यांनी विहिरीकडं बोट दाखवलं. डायनामो म्हणजे झिरा आणि दिवे म्हणजे उपसा, झिऱ्याहून जास्त उपसलं तर विहीर कोरडी पडते, एवढं तुला समजत नाही का, म्हणाले. मला चांगलं समजत होतं. ऐकायचं नव्हतं.

बाबा कमरेच्या दुखण्यानं पंधरा दिवस आडवे झाले आणि गाडी माझ्या हाती आली. इचोड्यात हायवेवर ट्रकचं वायरिंग करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडून मी जुन्या जीपचा दांडगा बल्ब बसवून घेतला आणि खाली पिवळ्या काचेचा एक जोडदिवाही लावला. मिस्त्री हिंदीत म्हणाला की डायनामो इतकं देणार नाही, काटा उण्याकडंच राहील. राहू दे म्हटलं. पण दोन्ही दिवे लावून बघितलं तर काटा असा डावीकडं पडला की बाबांना तो पहिल्या फेरीतच दिसला असता. जोडदिवा त्यांना शोभेचा म्हणून खपवता आला असता. काटा कसा खपवणार?

समोरच्या टपरीवर देवांचे स्टिकर टांगलेले होते. त्यात बालाजीचा एक गोल स्टिकर होता. नेमका त्या काचेच्या मापाचा. मी तो घेतला आणि काट्यावर चिकटवला.

आता आमच्या घरात देवाचा फोटो काढायची कुणाची छाती होती? बाबा बरे झाले, गाडीजवळ आले, बालाजी पाहून एवढे खूश झाले की जोडदिव्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. पोराला देवाची बुद्धी झाली, असं त्यांनी आईला सांगितलं. त्या दिवसापासून किक मारायच्या आधी बाबा त्या स्टिकरला हात जोडत. मी बाजूला उभा राहून ते पाहत असे आणि मनातल्या मनात हसत असे. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

माझी धाकटी बहीण शिकण्यात माझ्या दसपट होती. आमच्याकडं गावोगाव मराठी शाळा, आणि मास्तर मिळायची मारामार. तिला मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज करायला बाबांनीच लावलं होतं. आदिलाबादहून पत्र आलं, तेलुगूत, ते शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. सकाळी दहाला मूळ कागद घेऊन हाजिर राहायचं. नाव पुकारलं तेव्हा जो नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. ती म्हणत होती की आदल्या दिवशीच बैलगाडीनं निघू, आदिलाबादला आत्याकडं मुक्काम करू. मीच म्हणालो, घरी गाडी असताना बैलगाडी काऊन? पहाटे निघू, इचोड्याला पहिली बस धरून देतो.

थंडीचे दिवस होते. पाच वाजता निघालो तेव्हा अंधार आणि धुकं. मी ऐटीत दोन्ही दिवे लावले. ती मागून म्हणाली, "दादा, दिवस उगवल्यावानी वाटून राह्यलं." मी फुगलो. रस्ता खराब, गाडी पायी चालल्यासारखी चाललेली, त्या चालीत डायनामो काय भरणार? आणि बॅटरी तर महिनाभर नुसती उपसलीच होती. नाल्यात उतरेस्तोवर उजेड तांबूस झाला, मग विझत आला, आणि नाल्याच्या मधोमध गाडी दोनदा खोकली अन् मेली.

मी किका मारल्या. ढकलून पाहिलं. ती गाडीला टेकून उभी, छातीशी कागदांची पिशवी. उजाडल्यावर कापसाची एक बैलगाडी आली, तिच्यावर बसून ती इचोड्याला गेली. आदिलाबादच्या त्या ऑफिसात पोचायला तिला साडेबारा झाले. तिथल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "अयिपोयिंदम्मा." संपलं, बाई.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा बाबा ओट्यावर बसून होते. मला वाटलं, आता चामडी सोलणार. पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. बॅटरी जुनी होती, रस्ता वाईट होता, असं म्हणाले. मग गाडीवरच्या बालाजीकडं बघून म्हणाले, "त्याच्या मनात नव्हतं." मी तिथंच उभा होतो. तेवढ्यात सांगून टाकायचं होतं. मी गाडी ढकलत अंगणाच्या कडेला नेली.

त्याच आठवड्यात मी जोडदिवा काढला आणि जुना बारका बल्ब बसवला. बाबा विचारतील म्हणून खोटं कारणही तयार ठेवलं होतं. ते लागलंच नाही. स्टिकर मात्र काढता येईना, बाबा त्याला रोज गंधही लावू लागले होते.

पुढच्या साली पुन्हा अर्जाचा फारम आला. बहिणीनं तो बाबांपुढं ठेवला. बाबांनी तो सही न करताच परत दिला. एकदा देवानं वाट अडवली, पुन्हा कशाला त्याची परीक्षा पाहायची, म्हणाले. तिनं तेव्हा माझ्याकडं पाहिलं. मी चप्पल घातली आणि मळ्यात निघून गेलो. पाणी वळायचं आहे असं काहीतरी पुटपुटलो असेन. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न नार्नूरकडं झालं. घर चांगलं, माणसं चांगली. कापूस, ज्वारी, दोन लेकरं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बाबा गेले. गाडी भंगारात द्यायच्या आधी मी तो स्टिकर काढला. खालचा काटा उघडा पडला तसं मला राहवेना. नार्नूरला गेलो. बहीण पडवीत कापूस निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, मिस्त्री, बल्ब, टपरी, सगळं. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "उजाडता उजाडता तू किका मारून राह्यला होता तवा त्या स्टिकरची कड उचललेली होती. म्या नखानं वर केली अन् खाली काटा दिसला. बाबाचा काटा तू काऊन झाकला, हे तवाच समजलं."

मग तू बाबांना का नाही सांगितलंस, मी विचारलं. बाबांच्या जोडलेल्या हातांसमोर तिला ते सांगवलं नाही, आणि ते माझं सांगणं होतं, तिचं नव्हतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या दिव्यांनी तुझी जागा गेली, मला माफ कर.

तिनं बोंडातला कचरा बाजूला काढला. "दिव्याचं काही नाई रे दादा. तो फारम आला होता ना दुसऱ्या साली, तवा तरी तू सांगायचं होतं बाबाले."